खाडीकाठच्या इमारतीची दुरुस्ती : साहित्य वापरण्यापूर्वी काय आणि कसे तपासावे?

कोपरीकर :
ठाणे पूर्वेला, खाडीपासून फार लांब नसलेली आमच्या सोसायटीची इमारत १९८९ साली बांधलेली आहे. इमारतीने तीस वर्षे ओलांडली की दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी, असे आदर्श उपविधी सांगतात. त्यानुसार यंदा तपासणी झाली आणि अहवालाने इमारत सी-२बी गटात, म्हणजे रहिवाशांना बाहेर न काढता दुरुस्ती करण्याजोगी, ठरवली. तळमजल्यावरच्या बहुतेक कॉलमना उभ्या भेगा आहेत, छज्जांखालचे काँक्रीट पोपडे धरून सुटते आहे आणि पश्चिमेकडच्या बीममध्ये सळया उघड्या पडल्या आहेत.

कंत्राटदार नेमला आहे. कोणत्या कंपनीचे सिमेंट, कोणते लोखंड, कोणता पॉलिमर वापरणार, याची यादी त्याने दिली आहे आणि नावे मोठी असल्यामुळे वेगळ्या तपासणीची गरज नाही, असे त्याचे म्हणणे आहे. समितीतल्या काही सदस्यांना ते पटते. मला पटत नाही, कारण गोणीवर छापलेले नाव गोणी कारखान्यातून निघाली तेव्हाची हमी देते. ती आमच्या आवारात ताडपत्रीखाली दोन महिने पडून राहिल्यावर काय झाले, किंवा तिच्यात कोणते पाणी आणि कोणती रेती मिसळली गेली, हे त्या नावावरून कळत नाही. आम्ही कोणीही अभियंते नाही. तरीही समितीला स्वतः करता येतील अशा तपासण्या कोणत्या, प्रयोगशाळेकडे काय पाठवावे आणि त्यातले आधी काय, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

ओळंबा :
कोपरीकर, तुमचा प्रश्न योग्य आहे. फक्त त्याची सुरुवात नव्या साहित्यापासून न करता जुन्या काँक्रीटपासून करावी, असे मी सुचवेन. तुमची इमारत आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या १९७८ सालच्या आवृत्तीच्या काळातली आहे. त्या आवृत्तीत आरसीसीसाठी एम १५ दर्जाचे (अंक म्हणजे दर चौरस मिलिमीटरला न्यूटनमधली ताकद) काँक्रीट चालत असे आणि स्लॅबच्या सळयांवर १५ मिलिमीटर, बीमला २५ आणि कॉलमला ४० मिलिमीटर आवरण पुरेसे मानले जाई. २००० सालच्या आवृत्तीने समुद्रकिनारी वातावरण ‘तीव्र’ गटात धरले आणि तेथे किमान एम ३०, पाणी-सिमेंट गुणोत्तर जास्तीत जास्त ०.४५ आणि आवरण ४५ मिलिमीटर मागितले. पंधरा आणि पंचेचाळीस यांच्यातला हा फरकच तुमच्या छज्जांखाली दिसतो आहे.

सळई काँक्रीटमध्ये गंजत नाही, कारण ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) साडेबाराच्या वर असतो आणि तेवढ्या अल्कधर्मी परिसरात लोखंडावर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हा थर दोन वाटांनी जातो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत सामू नऊच्या आसपास आणतो, ही एक वाट. दुसरी वाट क्षारांची : क्लोराइड सळईपर्यंत पोचले की सामू चांगला असतानाही ते त्या थराला भोके पाडते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होते, म्हणून काँक्रीट आतून फुटते आणि सळईच्या रेषेत भेग उमटते. यातली कोणती वाट तुमच्या इमारतीत चालू आहे, हे कळल्याशिवाय दुरुस्तीचे साहित्य ठरवणे चुकीचे आहे.

कार्बोनेशनची तपासणी सोपी आहे. काँक्रीट ताजे फोडून त्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारावे. जेथे गडद गुलाबी रंग येतो तेथे अल्कता शिल्लक आहे आणि जेथे रंग येत नाही तेवढी खोली कार्बोनेशनने व्यापली आहे. ही खोली आवरणाइतकी झाली असेल तर सळईचे संरक्षण संपलेले आहे. क्लोराइडसाठी मात्र ड्रिलने वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी काढून प्रयोगशाळेत द्यावी लागते; आरसीसीसाठी आयएस ४५६ ने दर घनमीटर काँक्रीटमागे ०.६ किलो ही मर्यादा घातली आहे. गंज प्रत्यक्ष चालू असण्याची शक्यता हाफ-सेल चाचणीतून कळते : ताम्र-ताम्रसल्फेट विद्युदग्राच्या तुलनेत उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षाही अधिक ऋण वाचन आले, तर त्या जागी गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त मानली जाते.

हे सगळे सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. जुन्या काँक्रीटमध्ये क्लोराइड तसेच ठेवून फक्त सुटलेल्या भागावर उत्तम पॉलिमर मॉर्टरचे ठिगळ लावले, तर ठिगळाखालची सळई सुरक्षित होते, पण तिच्याच शेजारची, क्षार असलेल्या जुन्या काँक्रीटमधली सळई पूर्वीपेक्षा वेगाने गंजू लागते. दुरुस्तीनंतर काही वर्षांतच ठिगळाच्या कडेला नवी भेग येते आणि दोष मॉर्टरवर टाकला जातो. म्हणून काँक्रीट सळईच्या मागे बोट फिरेल एवढे, आणि लांबीने गंज संपून स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत काढले पाहिजे. कंत्राटात मोजमाप चौरस फुटावर असेल तर हे काम टाळण्याकडेच कल राहतो. तेव्हा खोलीचा उल्लेख करारात असू द्या.

पारसिक_वारा :
आमच्या कळव्याच्या सोसायटीतही हाच प्रश्न आहे. आमच्या अहवालात रिबाउंड हॅमरचे आकडे चांगले आले आहेत आणि त्यावरून बहुतेक कॉलमची ताकद दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटनच्या पुढे दाखवली आहे. असे असताना इतका खर्च का करायचा, असे सभासद विचारतात. हॅमरच्या आकड्यावर किती विसंबावे?

क्यूबमोल्ड :
मी साहित्य-तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहितो.

रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो. त्यावरून काढलेल्या ताकदीत पंचवीस टक्के इकडेतिकडे होऊ शकते, असे भारतीय मानकानेच म्हटले आहे. जुन्या इमारतीत आणखी एक अडचण येते. कार्बोनेशन झालेल्या काँक्रीटच्या पृष्ठभागावर कॅल्शियम कार्बोनेटचा कठीण थर तयार होतो आणि हॅमर त्यावरून अधिक उसळतो. टोकाच्या परिस्थितीत ताकद पन्नास टक्क्यांपर्यंत जास्त दिसू शकते, असा इशाराही मानकात आहे. म्हणजे ज्या कॉलमचे संरक्षण संपले आहे तोच हॅमरखाली सर्वांत सशक्त दिसण्याचा संभव असतो. गिलाव्यावरून घेतलेले वाचन तर निरुपयोगीच. गिलावा काढून, पृष्ठभाग घासून मगच हॅमर लावला पाहिजे. आपल्या अहवालातील छायाचित्रांत गिलावा दिसतो का, ते पाहा.

अल्ट्रासोनिक पल्स चाचणी आतल्या भागाविषयी अधिक सांगते, कारण ध्वनिलहरीला पोकळीला किंवा भेगेला वळसा घालून जावे लागते आणि वेग कमी होतो. सेकंदाला ३ किलोमीटरपेक्षा कमी वेग आला तर ते काँक्रीट संशयास्पद समजावे. मात्र ओलसर काँक्रीटमध्ये वेग वाढतो, म्हणून पावसाळ्यात ओल्या भिंतीवर घेतलेले आकडे उन्हाळ्यातल्या आकड्यांशी थेट ताडून पाहू नयेत.

खरी ताकद हवी असेल तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल तुकडा, कापून काढावा लागतो. आयएस ४५६ प्रमाणे किमान तीन कोअर लागतात, त्यांच्या सममूल्य क्यूब-ताकदीची (क्यूब म्हणजे चाचणीचा घनाकृती ठोकळा) सरासरी अपेक्षित दर्जाच्या ८५ टक्के भरली पाहिजे आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली जाता कामा नये. कोअर काढण्यापूर्वी कव्हरमीटरने सळया शोधून घ्याव्यात, नाहीतर तपासणीच्या नावाखाली कॉलमची मुख्य सळई कापली जाते. नंतर ते भोक न आकसणाऱ्या मॉर्टरने त्याच दिवशी भरून घ्यावे.

आणि ताकद पुरेशी निघाली तरी सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. वाशीच्या खाडीवरचा १९७३ सालचा पहिला पूल काँक्रीटच्या कमी ताकदीमुळे नव्हे, तर आतल्या प्रीस्ट्रेसिंग केबल, म्हणजे काँक्रीटला दाबून धरणाऱ्या ताणलेल्या तारा, गंजल्यामुळे अडचणीत आला. खाडीकाठी काँक्रीट किती भार उचलते याआधी ते क्षार आणि ओल किती आत येऊ देते, हे विचारावे लागते.

ऐरोली_सेक्टर :
पाण्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहिते. दुरुस्तीच्या काळात सोसायटीचे पिण्याचे पाणी कामाला द्यायला सगळे नाखूश असतात आणि मग आवारातल्या बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी वापरले जाते. खाडीच्या बाजूच्या बोअरवेलचे पाणी बऱ्याचदा मचूळ असते. आरसीसीसाठीच्या पाण्यात क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि सामू ६ पेक्षा कमी नसावा. ही तपासणी अगदी स्वस्त आहे. स्वच्छ बाटलीत पाणी भरून दिले की काम होते. टँकरचा स्रोत बदलतो, त्यामुळे एकदा तपासून थांबू नये. क्षार बाहेर ठेवण्यासाठी एवढा खर्च करायचा आणि तेच क्षार बादलीने आत ओतायचे, हे मला असह्य वाटते. काँक्रीटवर नंतर मारायचे पाणीही त्याच दर्जाचे असावे, कारण तेसुद्धा आत शिरतेच.

ओळंबा :
ऐरोलीच्या ताईंचा मुद्दा रेतीलाही तितकाच लागू आहे. मुंब्रा आणि कळवा येथील रेतीबंदर ही नावेच सांगतात की या परिसरातली कित्येक जुनी बांधकामे खाडीच्या रेतीत झाली. ती गोड्या पाण्याने नीट धुतली गेली नसेल तर क्लोराइड पहिल्या दिवसापासून काँक्रीटमध्ये आहे. तपासणीत आवरणाच्या बाहेरच्या आणि आतल्या थरांत क्लोराइड सारखेच सापडले, तर हेच कारण संभवते. बाहेरून आलेले क्षार पृष्ठभागाशी जास्त आणि आत कमी असतात.

आज नैसर्गिक वाळू म्हणून जे येते त्याची काच-बरणीतली तपासणी समितीने स्वतः करावी. सरळ बाजूंच्या बरणीत चिमूटभर मीठ टाकलेले पाणी घ्यावे, अर्ध्याच्या आसपास वाळू भरावी, पुन्हा पाणी घालून जोराने हलवावे आणि तीन तास न हलवता ठेवावे. वाळूवर बसलेल्या गाळाच्या थराची जाडी खालच्या वाळूच्या आठ टक्क्यांहून जास्त असेल तर ती गाडी परत पाठवावी. गाळ खडीवर आणि वाळूच्या कणांवर लेप धरतो आणि सिमेंटची पकड तुटते, शिवाय माल कामाजोगा करायला पाणी जास्त लागते.

वाळू ब्रासवर विकली जाते, म्हणून तिच्या फुगण्याकडेही लक्ष द्यावे. चार-पाच टक्के ओलसर वाळू कणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यामुळे फुगते. सरळ डब्यात ओलसर वाळू २०० मिलिमीटर उंचीपर्यंत भरा, मग पाण्यात पूर्ण बुडवून हलवा. ती १६० वर बसली तर फुगवटा पंचवीस टक्के आहे. अशा वाळूने एकास चार असे घमेल्याने मोजलेले मिश्रण प्रत्यक्षात एकास ३.२ होते. तुम्ही पैसे चार भागांचे देता, आणि सिमेंट जास्त झाल्यामुळे गिलावा आकसून चिरतो. सिमेंटची ५० किलोची गोणी साधारण ३५ लिटर भरते. त्या मापाची एक पेटी करून घ्या आणि घमेली मोजणे बंद करा.

गवंडीमित्र :
वरच्या बऱ्याच गोष्टी मान्य आहेत, पण गाळाच्या त्या बरणीवरून क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, नाकारली जाऊ नये, असे मला वाटते. आपल्याकडची क्रश सँड काळ्या बसाल्ट दगडाची असते आणि तिच्यात दगडाची बारीक पूड असणारच. वाळू-खडीच्या आयएस ३८३ या मानकाने नैसर्गिक वाळूत ७५ मायक्रॉनखालची पूड ३ टक्क्यांपर्यंत, तर क्रश सँडमध्ये १५ टक्क्यांपर्यंत मान्य केली आहे, कारण दगडाची पूड चिकणमातीसारखी फुगत नाही. बरणीत दोन्ही सारखीच दिसतात. फरक चिकणमाती ओळखणाऱ्या मिथिलीन ब्ल्यू चाचणीत कळतो.

त्याच वेळी क्रश सँडच्या नावाखाली खडी फोडताना उरलेली डस्ट येते, हेही खरे आहे. तिचे कण चपटे आणि धारदार असतात; दगड आपटून फोडणाऱ्या व्हीएसआय यंत्रातून निघालेल्या सँडचे कण घनाकार असतात आणि माल कमी पाण्यात सैल होतो. हातात घेऊन भिंगाखाली पाहिले तरी फरक दिसतो. गिलाव्यासाठी वेगळी चाळलेली प्लास्टर सँड मिळते, तीच मागवावी. काँक्रीटची जाडी सँड चाळून गिलाव्याला वापरली की भिंतीवर जाळीसारख्या बारीक भेगा येतात.

क्यूबमोल्ड :
गवंडीमित्रांचे म्हणणे बरोबर आहे. चाळणी-विश्लेषणाचा अहवाल प्रत्येक नव्या पुरवठादाराकडून घ्यावा.

लोखंडाविषयी. जॅकेटिंगसाठी, म्हणजे जुन्या कॉलमभोवती नव्या काँक्रीटचा थर चढवण्यासाठी, सळई आली की ती सळयांच्या आयएस १७८६ या मानकाप्रमाणे आहे का, हे वजनावरून लगेच पाहता येते. व्यासाचा वर्ग भागिले १६२ केले की मीटरमागे किलोमध्ये वजन मिळते : ८ मिलिमीटरला ०.३९५, १० ला ०.६१७, १२ ला ०.८८८ आणि १६ ला १.५८. बारा मीटरची १२ मिलिमीटर सळई १०.६६ किलो भरायला हवी. १० मिलिमीटरपर्यंत सात टक्के, १६ पर्यंत पाच टक्के आणि त्यावर तीन टक्के एवढीच तफावत मान्य आहे, आणि ती दोन्ही बाजूंना आहे. सगळ्या सळया नेमाने हलक्याच निघत असतील तर पुरवठादाराला विचारावे. काही सळया एकत्र तोलून सरासरी काढावी. प्रयोगशाळेकडे ताण आणि वाकवण्याच्या चाचणीसाठी तुकडे द्यावेत. सळईच्या फे ५०० या दर्जापेक्षा फे ५००डी घ्यावे, असे मी सुचवतो, कारण तुटण्यापूर्वीची लांबण फे ५०० मध्ये किमान १२ टक्के आणि डी मध्ये १६ टक्के असते, आणि गंधक व फॉस्फरसचे प्रमाणही त्यात कमी ठेवलेले असते. भूकंपात सळईने तुटण्याऐवजी ताणले जाणे अपेक्षित असते.

सिमेंटच्या गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेले असते, ते उतरवून घेताना नोंदवहीत लिहावे. तीन महिन्यांहून जुने सिमेंट पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये. गोणीत हात घातल्यावर गार लागणे, पाण्यावर क्षणभर तरंगणे या खुणा गवंडी सांगतात. गुठळ्या सोडल्या तर त्यांच्यावर निर्णय घेण्याइतका भरवसा मी ठेवत नाही. प्रयोगशाळेत एन्नोरच्या प्रमाणित वाळूबरोबर ७०.६ मिलिमीटरचे क्यूब करून ताकद पाहतात, आणि सुरुवातीचा जमण्याचा काळ ३० मिनिटांपेक्षा कमी नाही ना, हे पाहतात. खाडीकाठच्या कामाला स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी) किंवा फ्लाय ॲशचे (कोळशाच्या राखेचे) सिमेंट अधिक चांगले, कारण त्याचे काँक्रीट अधिक घट्ट होते आणि क्लोराइड सावकाश शिरते. गोण्या जमिनीवर नव्हे, लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर, दहापेक्षा जास्त थर न करता रचाव्यात. आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत जिन्याखालची जागा यासाठी सर्वांत वाईट.

कोपरीकर :
सर्वांचे मनापासून आभार. पाण्याचा नमुना उद्याच देतो आणि क्लोराइड व कार्बोनेशनची तपासणी अहवालात नसल्याने ती मागून घेतो. दोन शंका उरतात. नव्या कॉलम-जॅकेटचे काँक्रीट थोडे थोडे होणार आहे, त्याचे क्यूब काढायचे का? आणि पॉलिमर मॉर्टरवर पाणी मारायचे नाही, असे मुकादम सांगतो, ते खरे का?

ओळंबा :
क्यूब अवश्य काढा. एक ते पाच घनमीटरपर्यंतच्या कामालाही एक नमुना, म्हणजे तीन क्यूब, मानकाला अपेक्षित आहे. तीनपैकी एखाद्याचा निकाल सरासरीपेक्षा पंधरा टक्क्यांहून वेगळा आला तर तो नमुना ग्राह्य धरत नाहीत. क्यूब समितीच्या माणसासमोर भरावेत, ओल्या क्यूबवर तारीख आणि कॉलमचा क्रमांक कोरावा आणि ते पाण्याच्या टाकीत ठेवावेत. तयार गोणीतले मायक्रोकाँक्रीट असेल तर गोणीवर छापलेले पाणी मोजपात्रानेच घालावे. ते मुळातच वाहते असते. काम सोपे व्हावे म्हणून वरून घातलेला एक लिटरही ताकद आणि घट्टपणा दोन्ही घालवतो.

साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस आणि फ्लाय ॲश किंवा स्लॅगच्या सिमेंटवर किमान दहा दिवस, शक्य तर चौदा दिवस ओल टिकवायची असते. कॉलमला गोणपाट गुंडाळून ते सतत ओले ठेवावे. सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारले की मधल्या उन्हात पृष्ठभाग सुकतो आणि आवरणाचाच थर, ज्यासाठी हा सारा खटाटोप आहे, कच्चा राहतो.

पॉलिमर मॉर्टरविषयी मुकादमाचे म्हणणे अर्धे खरे आहे. सुरुवातीला, साधारण एक दिवस, तेही ओले किंवा झाकलेले राहावे लागते आणि त्यानंतर पॉलिमरचा पापुद्रा तयार होण्यासाठी ते हवेत सुकू द्यावे लागते. नेमका काळ उत्पादनाच्या माहितीपत्रकात असतो, तो करारात जसाच्या तसा घ्या. पॉलिमर ॲक्रिलिक किंवा एसबीआर (कृत्रिम रबर) आहे ना, तेही पाहा. पीव्हीएवर (लाकडाच्या पांढऱ्या गोंदातल्या पॉलिमरवर) आधारलेला स्वस्त बाँडिंग एजंट ओलाव्यात पुन्हा विरघळतो, म्हणून बाहेरच्या बाजूला तो कधीही लावू देऊ नका. अँटी-कार्बोनेशन कोटिंगची घाई करू नका. गिलावा पूर्ण सुकल्यावर, म्हणजे पावसाळ्यानंतर काम संपले तर थंडीचे कोरडे दिवस गेल्यावरच ते लावा, कारण आत अडकलेली ओल त्या थराला फुगे आणते.